दार लाव, गारवा जातोय

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे, आणि दिवसभर माझा पाय त्याच्यावर टेकलेला असतो. त्याचा परिणाम असा झालाय की मी जिथे जाईन तिथे माझा पाय माझ्या आधी घाबरतो. लिफ्टमध्ये उभी राहिले, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसले, तरी पाय खाली दाबला जातो. नवरा म्हणतो, "तू जन्माने भित्री नाहीस, धंद्याने भित्री आहेस." असेन. पण आमच्या घरात धंद्यापायी बिघडलेली मी एकटी नाही. माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेले आहेत माझे सासरे, आणि ही हकीकत त्यांची आहे.

बाबांनी सगळी नोकरी एका शीतगृहात काढली. तिथे मटार, मक्याचे दाणे, मासे, आइस्क्रीम असा गोठवलेला माल असे. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत असताना बाबा आत कानटोपी आणि जाड कोट घालून फिरत. कागदोपत्री त्यांच्याकडे यंत्रं होती, पण जीव सगळा दारांत. ते म्हणायचे, यंत्र बिघडलं तर आवाज करतं, दार गुपचूप बिघडतं. म्हणून खिशात पातळ कागदाची एक पट्टी ठेवायचे. दार बंद करून पट्टी कडेकडेने फिरवायची, जिथे ती थरथरली तिथे फट आहे असं समजायचं, आणि ती फट बुजवल्याशिवाय जेवायचं नाही. चांगल्या दाराची त्यांची व्याख्या ठरलेली होती. आपण दार ओढलं की दारानेही आपल्याला आत ओढलं पाहिजे. कामावर सगळे त्यांना 'पॅकबंद' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा दारात उभी राहून चप्पल काढत होते. सासरच्या माणसाने मला उद्देशून काढलेलं पहिलं वाक्य तेव्हा कानावर पडलं, "दार लाव, गारवा जातोय." हिवाळ्यात हेच वाक्य ऊब जातेय असं व्हायचं, एवढाच काय तो फरक. मला बंद खोलीत गुदमरतं. मी खिडकी उघडायची, ते येऊन लावायचे. दोघंही तोंडाने एक अक्षर न बोलता वर्षानुवर्षं हा उद्योग करत होतो, आणि सासूबाई मधे बसून भाजी निवडत हसायच्या.

मग एका उन्हाळ्यात आई, म्हणजे सासूबाई, बाजारातून येताना रस्त्यात कोसळल्या. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि त्या दिवशी ऊन सोसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर निभावेल याची खात्री नाही, त्यांना उन्हापासून जपा. त्या दिवसापासून बाबा घाबरले ते घाबरलेच. आई गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाल्या की हे हातातलं सोडून मागे. आई वैतागायच्या. "अहो, मी आइस्क्रीम आहे का?" असं विचारायच्या. मनातून बाबांना तसंच वाटत असावं.

त्यात आईंच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला. मावशींनी अंथरूण धरलं होतं. त्या राहायच्या फार लांब, मधे कित्येक तासांचा उघडा, तापलेला मुलूख. आई एवढंच म्हणाल्या, "मला तिला एकदा बघायचंय." विमानात बसायला त्यांचा साफ नकार होता, आणि रेल्वे तिकडे जात नव्हती. तेव्हा बाबा म्हणाले, "मी नेतो तुला. पण माझ्या पद्धतीने."

त्यांनी पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिची कॅम्पर व्हॅन करायला घेतली. झोपायला दोन बाक, छोटा ओटा, आणि इन्सुलिनसाठी फ्रीज. हा फ्रीज गाडी चालू असताना गाडीच्या विजेवर चालायचा आणि गाडी थांबली की गॅसवर. त्याच्या मागे एक बारीक ज्योत जळायची आणि तिचा धूर भिंतीतल्या जाळीतून बाहेर जायचा. लाकूडकाम एका सुताराने केलं. छताला, भिंतींना बाबांनी स्वतः फोम लावला, वर चंदेरी फॉइल. खिडक्यांना आतून आणि ड्रायव्हरच्या सीटमागे तसेच पडदे, कडेला घट्ट बसणारे. दाराला त्यांनी शीतगृहातल्यासारखी जाड रबरी पट्टी लावली. छतापाशी साचणारी गरम हवा फेकून द्यायला वर एक पंखा बसवला.

सुताराने तळाच्या लाकडात दोन ठिकाणी जाळीची भोकं ठेवली होती. बाबांनी ती पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कशाला?"

"हवा यायला, काका. पंखा हवा बाहेर टाकणार, मग आत यायला वाट नको का?"

"आत येईल ती गरमच येईल. वर धूळ. छे." आणि बाबांनी ती दोन्ही भोकं फोम कोंबून, वर सिलिकॉन भरून बुजवून टाकली. सुतार माझ्याकडे बघून खांदे उडवून गेला.

गाडी तयार झाली तेव्हा मी आत जाऊन दार लावून बसले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत खरंच गार होतं. रस्त्यावरचा आवाज पार बंद झाला होता. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. माझा पाय खालच्या लाकडावर दाबला गेला आणि मी घाईने बाहेर आले. बाबा बाहेर पट्टी हातात घेऊन उभे होते. "एकही फट नाही," ते म्हणाले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

नवऱ्याला रजा नव्हती. गाडी मी चालवणार, मागे आई, बाबा आणि माझी मुलगी चिऊ. चिऊची तेव्हा नुकतीच शाळा सुरू झाली होती, आणि आजीशिवाय तिचं पान हलत नसे.

पहिला दिवस मजेत गेला. दुपारच्या उन्हात गाडी चालवायची नाही, सावली बघून थांबायचं, जेवायचं, आणि ऊन उतरेपर्यंत त्यांनी मागे झोपायचं, असं ठरलं होतं. मी त्या डब्यात झोपणं शक्यच नव्हतं. मी बाहेर घडीची खुर्ची टाकून, ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसायचे. बाबांना माझी कीव यायची.

दुसऱ्या दुपारी झोपून उठल्यावर आई म्हणाल्या, डोकं ठणकतंय. चिऊने खाल्लेलं ओकून टाकलं. बाबांचा चेहरा उतरला. "ऊन लागलं," ते म्हणाले. "कुठूनतरी गरमी आत येतेय." मग गाडी निघाली, मी पुढच्या काचा खाली केल्या, सीटमागचा मधला पडदा सुटून फडफडायला लागला, आणि तासाभरात दोघी ताज्यातवान्या झाल्या. चिऊ गाणी म्हणायला लागली.

त्याच्या पुढच्या दुपारी पुन्हा तेच झालं, जास्तच. आईंना उभं राहवेना. बाबांनी पडद्यांवर अजून एक पदर चढवला आणि पंखा वाढवला. मी म्हटलं, "बाबा, गाडी चालत असली की यांना बरं वाटतं आणि थांबली की बिघडतं."

"मग? थांबली की ऊन लागतं ना," ते म्हणाले.

बोलणं बरोबरच होतं. पण तो माणूस आतून किती भेदरलाय ते मला दिसलं. बाजारातल्या रस्त्यावर पडलेली आई त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी डॉक्टर शोधू म्हटलं, तर आई मान हलवून म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. ताई वाट बघतेय."

म्हणून निघालो, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडीचं इंजिन तापलं. बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी बाजूला घेतली. एक बंद पडलेला पेट्रोल पंप होता, पत्रे उडालेला, माणूस नाही, झाड नाही. फोनला रेंज नाही. इंजिन थंड होईपर्यंत पाणीही घालता येत नव्हतं. बाबांनी मागचं दार लावून घेतलं, फ्रीज गॅसवर टाकला, पंखा सुरू केला. मी गाडीच्या सावलीच्या अरुंद पट्ट्यात खुर्ची ठेवून बसले.

वेळ जाता जाईना. वरच्या पंख्याचा आवाज मला आवडत नव्हता. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात धरला की तो जसा ओरडतो, तसा तो पंखा ओरडत होता. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, ओठ कोरडे पडले होते, मी भाजून निघाले होते. आणि माझं डोकं दुखत नव्हतं. हे मनात आलं आणि मी खुर्चीत ताठ झाले. रोज दुपारी उन्हात मी बसत होते. मला काही होत नव्हतं. आणि गारव्यात झोपलेली माणसं उन्हाने आजारी पडत होती. मी तो विचार उलटसुलट करून पाहिला, आणि उठले.

मी दार ठोठावलं. "आई? चिऊ?" आतून काही नाही. पुन्हा ठोठावलं. झोपली असतील, असं मी स्वतःला सांगितलं, पण माझा स्वतःवर विश्वास बसला नाही. मी कडी फिरवून दार ओढलं. ते आलं नाही. मी पुन्हा जोर लावला, आणि तेव्हा मला स्पष्ट कळलं की दार मला आत ओढतंय.

मी पाय गाडीला टेकवून सगळ्या ताकदीने हिसका दिला. रबर सुटल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. आतली गार हवा तोंडाला लागली. आत सगळं नीटनेटकं होतं. चिऊ बाकावर झोपली होती, गाल छान गुलाबी. आई तोंड उघडं टाकून पडल्या होत्या. बाबा फ्रीजशेजारी स्टुलावर बसले होते, हातात कागदाची पट्टी, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. शब्द जड झाले होते.

"दार लाव," ते म्हणाले. "गारवा जातोय."

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या आवाजात काळजी होती, घाबरवणारं त्यात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मी गारठले. मी चिऊला उचललं. तिची मान माझ्या हातावरून लोंबली. तिला बाहेर सावलीत ठेवलं, तिच्या छातीवर हात ठेवला. हलत होती की माझाच हात कापत होता, मला सांगता येईना. आणि तिला तशीच जमिनीवर टाकून मला परत आत जायचं होतं. मी गेले. कशी गेले ते माझं मला माहीत नाही. मला फक्त आठवतं की मी श्वास रोखून धरला होता आणि कानात ढोल वाजत होते.

आईंना काखेत हात घालून ओढत आणलं. त्या शुद्धीवर असताना हलक्याफुलक्या, पण तेव्हा हलता हलेनात. मी उलटी चालत पायरीपर्यंत आले आणि पाहिलं तर बाबा उठले होते. झोकांड्या खात ते दाराकडे आले, त्यांनी दाराची कडी धरली, आणि नेहमीच्या सवयीने, डोळेही नीट उघडे नसताना, ते दार लावून घ्यायला लागले. मी आणि आई आतच होतो.

माझे दोन्ही हात आईंच्या काखेत अडकलेले. मी म्हणाले, "बाबा, दार सोडा." त्यांना ऐकू गेलं नाही. दार आमच्या पाठीवर येऊ लागलं, पंखा त्याला आत ओढत होताच. आणि तेवढ्यात माझा पाय दाराच्या फटीत गेला. मी नेला नाही, तो आपणहून गेला, रोज शिकवणीत जातो तसा. दार येऊन त्याच्यावर आपटलं. करंगळीचं हाड मोडल्याचं मला कळलं, दुखलं नाही. त्या अडकलेल्या दारातून मी खांदा घातला, आईंना बाहेर लोटलं, आणि बाबांची कॉलर धरून त्यांनाही खाली ओढलं. ते माझ्या अंगावर पडले. तरी पुटपुटत होते, "अगं, तिला ऊन लागेल."

एक मालट्रक थांबला. त्या ड्रायव्हरने आम्हाला सगळ्यांना कसं कोंबून दवाखान्यात नेलं ते मी सांगत बसत नाही. चिऊने वाटेतच डोळे उघडून पाणी मागितलं, आणि मी त्या परक्या माणसाच्या देखत मोठ्याने रडले. आईंना शुद्ध यायला संध्याकाळ झाली. नाकाला ऑक्सिजन लावून तिघं ओळीने झोपले होते. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की उन्हाचा काही संबंध नाही, कुठेतरी काहीतरी जळतंय आणि त्याचा विषारी वायू आत साठतोय. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपतो. थोडा वेळ अजून गेला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या.

बाबा छताकडे बघत पडून होते. उठता यायला लागल्यावर मला म्हणाले, "मला गाडीकडे ने."

गाडी दवाखान्याच्या आवारात ओढून आणली होती. मी लंगडत, ते भिंतीला धरून, असे आम्ही गेलो. गॅस बंद आहे हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा बघायला लावलं. मग आत जाऊन दार लावलं, आणि मी बाहेर पळण्याच्या बेतात असताना त्यांनी पंखा सुरू केला. खिशातून पट्टी काढली. दारापाशी धरली, ती हलली नाही. खिडक्यांपाशी, मधल्या पडद्यापाशी हलली नाही. बुजवलेल्या भोकांवर हलली नाही. मग ते गुडघ्यावर बसले आणि पट्टी फ्रीजच्या बाजूला धरली. पट्टी आडवी होऊन आतल्या बाजूला फडफडायला लागली.

सगळ्या गाडीत तेवढी एकच फट राहिली होती, कारण फ्रीजच्या मागे त्यांचा हात पोचला नव्हता. पंखा हवा बाहेर फेकत होता, नवी हवा यायला दुसरी वाटच नव्हती, म्हणून फ्रीजच्या ज्योतीचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जात होता. आणि आई आजारी पडल्या की हे पंखा वाढवत होते.

"आमच्या गोदामातले पंखे हवा आतल्या आत फिरवायचे," बाबा म्हणाले. "तिथे आत कुणी राहत नव्हतं." पट्टी अजून फडफडत होती. "मटार श्वास घेत नाहीत गं. मी माणसांची गाडी बांधलीच नाही. मटारांची बांधली." मी पंखा बंद केला आणि दार उघडलं. ते मला काही म्हणाले नाहीत.

आई चालायला लागल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो ताईचा. मावशी अजून होत्या, वाट बघत होत्या. घरी फिरायचं की पुढे जायचं, यावर बाबा बोलायलाच तयार नव्हते. आई म्हणाल्या, "मी मरून परत आलेय, आता अर्ध्यावरून घरी जाणार नाही." तेव्हा बाबांनी त्या गावातून करवत आणली. बुजवलेली दोन्ही भोकं मोकळी केली, आणखी एक मोठं पाडलं. फ्रीज काढून मागची फट बंद केली आणि तो पुन्हा कधी गॅसवर लावला नाही, इन्सुलिनसाठी बर्फाची पेटी घेतली. विषारी वायू ओळखणारी भोंग्याची एक डबी मिळते, ती बाकाशेजारी ठोकली. गाडीत आता धूळ यायची, ऊनही जाणवायचं, आणि वाऱ्याने पडदे हलायचे.

निघाल्यावरच्या पहिल्या दुपारी आम्ही एका पुलाच्या सावलीत थांबलो. मी दाराला दगड लावला. चिऊ बाहेर माझ्या पायाच्या बँडेजवर पेनाने चेहरे काढत बसली. आई आत बाकावर आडव्या झाल्या, डोळे मिटले. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही, तेव्हा मला राहवेना. मी वाकून पाहिलं.

बाबा बाकाशेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. कागदाची पट्टी त्यांनी आईंच्या नाकाशी धरली होती. पट्टी हलत होती, थांबत होती, हलत होती. बाबांचं तिच्यावरून लक्ष हटत नव्हतं. ती थांबली की त्यांचाही श्वास थांबत होता, हे मला दारातून दिसत होतं.

आईंनी डोळे उघडले नाहीत. "अहो," त्या म्हणाल्या, "चालू आहे. झोपा आता."

बाबांनी मान हलवली. पण पट्टी खिशात ठेवली नाही आणि तिथून उठलेही नाहीत.